पानिपतची कांबळी आणि मजुरीचा हिशेब

महाराष्ट्रातून काला अंबला जाणारा माणूस इतिहासासाठी जातो. दिल्लीहून सुमारे नव्वद किलोमीटरवर पानिपत, तिथून यमुनेच्या बाजूला काही किलोमीटर गेलं की पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं स्मारक. रक्ताने माती भिजली आणि आंब्याचं झाड काळं पडलं, अशी तिथली आख्यायिका. १४ जानेवारीला शौर्यदिनी भगवे झेंडे घेतलेली माणसं येतात, माथा टेकतात आणि बहुतेक जण त्याच दिवशी दिल्लीची वाट धरतात. स्मारक आणि महामार्ग यांच्यामध्ये पसरलेलं आजचं पानिपत गाडीच्या काचेतून मागे सरकतं: कापसाच्या धुळीने पांढुरके झालेले पत्रे, चिंध्यांच्या गासड्या लादलेले ट्रक, बॉयलरची धुराडी, रस्त्याकडेला वाळत घातलेले रंगीत धाग्यांचे गुंडे.

या शहरातही सध्या एक झुंज चालू आहे आणि ती आपल्याही घरापर्यंत पोचलेली आहे. माल इथे विणायचा की परदेशातून तयार मागवायचा, असा प्रश्न इथल्या लहान कारखानदारापुढे आहे. कांबळी, चादरी, पायपुसणी, सतरंज्या, पडदे यांच्या धंद्यात असलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तो कधी ना कधी स्वतःला विचारला आहे. मागवायचं ठरवलं तर मागावर बसणाऱ्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो.

पानिपतचं विणकाम जुनं आहे, पण आजचं शहर फाळणीने घडवलं. १९४७ मध्ये इथले मुसलमान विणकर मोठ्या संख्येने पाकिस्तानात गेले. झंग, मुलतान, लय्या या भागांतून उखडलेली कुटुंबं त्यांच्या जागी आली. त्यांच्यात विणकर होते, व्यापारीही होते. खड्डीवर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायच्या हातमागावर, खेस विणत विणत त्यांनी शहर पुन्हा उभं केलं. हातमागामागून यंत्रमाग आले, देशातल्या बाजारामागून निर्यात आली. आज अमेरिका-युरोपातल्या घरांत पसरलेल्या कितीतरी गालिच्यांचा आणि उशांच्या अभ्र्यांचा जन्म इथल्या एखाद्या गल्लीतला असतो.

हा सगळा धंदा मोठ्या गिरण्यांचा नाही. निर्यातदार धागा घेतो, रंगाऱ्याकडे पाठवतो, तिथून तो विणणाऱ्याकडे जातो, मग शिवणाऱ्याकडे, आणि गोंडे लावायला, धागे कापायला बायकांच्या घरी. इथे याला जॉब वर्क म्हणतात. काम बाहेर सोपवणं ही गोष्ट पानिपतला कुणी परदेशी सल्लागाराने शिकवलेली नाही. हे शहर त्यावरच चालतं. फरक इतकाच की आतापर्यंत काम एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जात होतं, आता ते समुद्रापार जाऊ शकतं.

समुद्रापारचं काम इथे येण्याचीही मोठी परंपरा आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बॅटली गावात १८१३ मध्ये बेंजामिन लॉ याने जुने लोकरी कपडे फाडून त्यांच्या तंतूंपासून पुन्हा सूत काढलं. शॉडीचा धंदा तिथून सुरू झाला. बॅटली आणि ड्यूसबरी त्यावर श्रीमंत झाली. मजुरी वाढली तसा धंदा इटलीतल्या प्रातो शहराकडे झुकला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा मोठा भाग पानिपतला आला. पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेले कोट आणि स्वेटर जहाजाने कांडल्याला उतरतात. १९६५ पासून चालत आलेल्या तिथल्या मुक्त व्यापार क्षेत्रात त्यांची वर्गवारी होते. जुने कपडे पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून ते कापून निकामी करावे लागतात, त्यानंतरच चिंध्या म्हणून पानिपतची वाट मोकळी होते. पानिपतच्या गोदामांत बायका जमिनीवर बसून बटणं, चेन, अस्तरं काढतात आणि लालमध्ये लाल, निळ्यात निळं असे ढीग लावतात. धागा चिंधीचाच रंग घेतो, त्यामुळे रंगाईचा खर्चही वाचतो. मेघना गुप्ता यांच्या २०१२ च्या ‘अनरॅव्हल’ या लघुपटात या बायका दिसतात. परदेशातली माणसं एवढे चांगले कपडे का टाकतात, याचे आपापल्या परीने अंदाज बांधत त्या कपडे कापत असतात.

या धाग्याची जाड, करडी, स्वस्त कांबळी जगभर गेली. भूकंप, पूर, युद्ध कुठेही झालं की मदत संस्था निर्वासितांच्या छावण्यांत जी कांबळी वाटत, त्यांत पानिपतचा वाटा मोठा होता. म्हणजे इंग्लंडने आणि इटलीने आपलं महाग झालेलं काम इथे धाडलं, ते इथल्या हातांनी पेललं आणि त्यावर एक शहर जगलं. बाहेर काम देणं पाप आहे असं म्हणणाऱ्याला पानिपतमध्ये उभं राहून ते म्हणता येणार नाही.

मग चीनचं कांबळं आलं. पॉलिएस्टरचं, मऊ, फुलांच्या नक्षीचं. बाजार त्याला मिंक म्हणतो. त्याच्या पाठोपाठ त्याहून हलकं फ्लीस आलं. शॉडीचं कांबळं जड असतं, टोचतं, धुतलं की लवकर वाळत नाही. फ्लीस चटकन वाळतं आणि एका ट्रकमध्ये जास्त मावतं. मदत संस्थाही तिकडे वळल्या. २०१० नंतरच्या दशकात शॉडी कांबळ्यांचे कितीतरी माग थांबले. काहींनी हातमोज्यांचा, काहींनी पायपुसण्यांचा धागा काढायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी चीन-कोरियाची यंत्रं आणून मिंक आणि फ्लीस इथेच बनवायला घेतलं. पानिपतने हार मानली नाही ती या लोकांमुळे. पण मोठी यंत्रं घेण्याची ऐपत नसलेला लहान कारखानदार मधेच अडकला.

असा एक कारखानदार समजा. वीस माणसं, भाड्याची शेड, चार-सहा यंत्रं, डोक्यावर बँकेचं कर्ज. उन्हाळ्यात त्याला ठरवायचं असतं की येत्या हिवाळ्याचा माल कसा उभा करायचा. पहिला मार्ग आपल्या शेडमध्ये विणायचा. दुसरा, चीनच्या झेजियांग प्रांतातल्या केकियाओच्या कापड बाजारातून तयार कांबळी मागवायची. तिसरा, तिथून नुसते कापडाचे तागे आणायचे आणि इथे कापून, कडा शिवून, पिशवीत भरून विकायचे.

तो कागद घेऊन बसतो आणि पहिलं बोट मजुरीवर ठेवतो. बहुतेक सगळे तिथूनच सुरुवात करतात, आणि माझ्या मते हिशेब तिथेच चुकतो.

हरियाणात २०२५ मध्ये अकुशल कामगाराचं किमान वेतन महिन्याला अकरा हजार रुपयांच्या आसपास होतं. बांगलादेशात कपडे उद्योगासाठी डिसेंबर २०२३ पासून ते १२,५०० टाका झालं, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या घरात. आणि झेजियांगमध्ये? तिथल्या वरच्या श्रेणीच्या शहरांत २०२४ पासून किमान वेतन २,४९० युआन होतं, म्हणजे एकोणतीस-तीस हजार रुपये. ज्या देशाच्या कांबळ्याने पानिपतचे माग बंद पाडले, तिथला मजूर पानिपतच्या मजुराच्या अडीच पटीहून जास्त पगार घेत होता. चीनचा माल मजुरी कमी म्हणून स्वस्त असतो, हे वीस वर्षांपूर्वी काही प्रमाणात खरं होतं, आज नाही.

तो स्वस्त पडतो त्याची कारणं वेगळी आहेत. पॉलिएस्टर कांबळ्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा धाग्याचा. केकियाओच्या आसपास धागा बनवणारे, विणणारे, रंगवणारे, छापणारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत आणि प्रत्येकाचं यंत्र मोठं आणि वेगवान आहे. एका माणसाच्या हाताखालून दिवसाला निघणारं कापड पानिपतच्या लहान शेडच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे पगार जास्त असूनही एका कांबळ्यावर पडणारी मजुरी कमी.

पानिपतला धाग्यासाठी लांब जावं लागतं हे पाहून मला विशेष वाईट वाटतं, कारण पॉलिएस्टरची मूळ रसायनं याच शहराच्या वेशीवर तयार होतात. बहोलीच्या तेल शुद्धीकरण कारखान्याच्या संकुलात २००६ पासून पीटीए बनतं, नंतर उभ्या राहिलेल्या नाफ्था क्रॅकरमधून एमईजीही निघतं. या दोन्हींपासून पॉलिएस्टर होतं. पण त्यांचा धागा करणाऱ्या मोठ्या कंपन्या दूर आहेत आणि लहान विणकराला धागा मिळतो तो त्यांनी ठरवलेल्या भावाने. २०२३ मध्ये पॉलिएस्टरच्या तंतू-धाग्यांवर गुणवत्ता प्रमाणपत्राची सक्ती झाली, ती नोव्हेंबर २०२५ पर्यंत राहिली. आयात धागा अवघड झाला, देशी धाग्याचा भाव टिकून राहिला. तयार विणीव कापडावर मात्र तशी आडकाठी नव्हती, ते स्वस्तात येत राहिलं. शेवटी मार्च २०२४ मध्ये सरकारने कृत्रिम धाग्याच्या काही विणीव कापडांना किलोमागे साडेतीन डॉलरची किमान आयात किंमत लावली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा कापडांवरचं शुल्क २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते, असं केलं. लहान कारखानदाराला यातून दम घ्यायला जागा मिळाली. पण धाग्याचा प्रश्न तसाच राहिला. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात कृत्रिम तंतूवरचा कर १८ वरून आणि धाग्यावरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हा त्यातल्या त्यात दिलासा. ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

दुसरा मोठा खर्च इंधनाचा. रंगाई आणि धुलाईला वाफ लागते, वाफेला बॉयलर. पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. दिल्लीची हवा सुधारावी म्हणून हवा गुणवत्ता आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून या सगळ्या क्षेत्रात उद्योगांना कोळसा बंद केला; गॅस वापरा किंवा मान्य असलेलं जैवइंधन. हा नियम यायलाच हवा होता असं मला वाटतं. पानिपतच्या धुराड्यांखाली राहणारी मुलंही माणसांचीच आहेत आणि तिथल्या रंगाई कारखान्यांनी पाण्याचं जे केलं आहे ते नाल्यांच्या काठाने चालताना दिसतं. पण नियमाचं ओझं कुणाच्या डोक्यावर पडलं ते बघा. मोठ्या कारखान्याने बॉयलर बदलला आणि खर्च वर्षांवर पसरवला. लहान रंगारी जॉब वर्कवर जगतो, किलोमागे मोजक्या रुपयांनी त्याचा भाव ठरतो. राजधानी क्षेत्राबाहेरच्या शहरांतल्या रंगाऱ्याला ही सक्ती नाही, चीनच्या रंगाऱ्याची तर आपण चौकशीच करत नाही. दिल्लीच्या स्वच्छ हवेची किंमत दिल्लीनेही थोडी मोजायला हवी. लहान रंगाऱ्याला बॉयलर बदलण्यासाठी स्वस्त कर्ज मिळालं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

आता आपल्या कारखानदाराच्या कागदाकडे परत येऊ. धाग्याचा भाव त्याच्या हातात नाही. गॅसचा नाही, विजेचा नाही, व्याजाचा नाही. दुकानदार पैसे कधी देईल तेही नाही. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत चुकते न केल्यास ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही, असा आयकराचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी आहे त्याच्याकडे नियमाचं पुस्तक घेऊन कोण जाणार? या सगळ्या रकान्यांत त्याला खोडता येण्याजोगा एकच आकडा उरतो, मजुरी. म्हणून तो तीच खोडतो. महिन्याचा पगार काढून पीस रेट लावतो, पीस रेटवरून ठेकेदाराकडे जातो. ठेकेदार आला की भविष्य निर्वाह निधी, विमा, सुट्टी या गोष्टी कागदावर त्याच्या होतात आणि प्रत्यक्षात कुणाच्याच राहत नाहीत.

हे मजूर कोण? बहुतेक बिहार, पूर्व उत्तर प्रदेश आणि बंगालचे. हरियाणा सरकारने स्थानिकांना खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के राखीव जागा देणारा कायदा केला होता. १५ जानेवारी २०२२ पासून तो तीस हजारांपर्यंतच्या पगाराच्या नोकऱ्यांना लागू झाला आणि १७ नोव्हेंबर २०२३ ला पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. ‘भूमिपुत्र’ हा विषय आपल्याला नवा नाही, त्यामुळे हा कायदा मराठी वाचकाने नीट समजून घ्यावा. चिंध्यांच्या धुळीत बारा तास उभं राहायला हरियाणवी शेतकऱ्याचा मुलगा तयार नव्हता. त्याला कामाचा दर्जा, सुरक्षितता आणि पगार हवा होता आणि ते मागणं रास्तच होतं. जे काम या अटींवर मिळत नाही ते परगावचा गरजू माणूस करतो. परप्रांतीय कामगाराची मजुरी स्वस्त असते ती त्याच्या गरजेमुळे, आणि त्याच्या नाकातोंडात जाणाऱ्या तंतूंचा खर्च कुणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हेच मजूर पायी निघाले. परत आले तेव्हा काही शेड बंद झालेल्या होत्या. तेव्हापासून बरेच कारखानदार म्हणू लागले की माणसांवर अवलंबून राहण्यापेक्षा कंटेनर बरा.

दिवाळीच्या दिवसांत या तक्रारीला धार येते. कांबळ्यांची विक्री दसऱ्यानंतर उसळी घेते आणि नेमक्या त्याच सुमारास मजूर छठपूजेला गावी जातो. वर्षातून एकदाच मिळणारी ती सुट्टी असते. सूर्याला अर्घ्य देण्यासाठी आई किंवा बायको उपाशी असते आणि तो पोचायलाच हवा असतो. मालकाला मात्र गोदामाबाहेर उभा असलेला ट्रक दिसतो. दोघांचंही खरं आहे. अशा वेळी तयार माल हाताशी असलेला व्यापारी हंगाम मारून नेतो.

पण कंटेनरचीही स्वतःची संकटं आहेत आणि लहान माणसाला ती उशिरा उमगतात. ऑर्डर देताना साधारण तीस टक्के आगाऊ, माल जहाजात चढण्याच्या सुमारास बाकीचे. म्हणजे हिवाळ्यात विकायच्या मालाचे पैसे पावसाळ्यात अडकून बसतात. रुपया घसरला तर तोटा त्याचा. नमुना एक आणि माल दुसरा निघाला तर तक्रार करायला केकियाओला कोण जाणार? जहाज मुंद्र्याला उशिरा लागलं, तपासणीत माल अडकला आणि कंटेनर जानेवारीच्या शेवटी पानिपतला पोचला, तर पुढच्या थंडीपर्यंत गोदामाचं भाडं भरत बसायचं. शेजारच्या गल्लीतल्या विणकराला रात्री फोन करून ‘उद्या निळी दोनशे कमी कर, मरून वाढव’ असं सांगता येतं. या सोयीची किंमत कागदावर कुणी मांडत नाही. मांडली असती तर इथे विणायच्या बाजूचं पारडं पुष्कळ वेळा जड निघालं असतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये या सगळ्यावर अमेरिकेचा घाला पडला. ७ तारखेपासून भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के शुल्क लागलं. पानिपतच्या निर्यातीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. त्याच वेळी पाकिस्तानला १९ टक्के, बांगलादेशला आणि व्हिएतनामला २० टक्के होतं. तिकडच्या खरेदीदाराने ऑर्डरी थांबवल्या, काहींनी भावात सूट मागितली. ज्यांच्याकडे पैसा आहे असे मोठे भारतीय निर्यातदार दुसऱ्या देशात कारखाना टाकायचा विचार करू शकतात. गोंडे लावणाऱ्या बाईला तो पर्याय नाही, तिच्यापर्यंत फक्त कमी झालेलं काम पोचतं. मजुरी एक पैसाही न वाढता पानिपतचा माल एका महिन्यात महाग झाला. स्पर्धेचा निकाल मजुरीवर लागत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा?

ही सगळी पानिपतची व्यथा झाली. आता सोलापूरकडे वळायला हवं, कारण तिथे पानिपतचं दुसरं रूप दिसतं. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी जकार्डवर घडवलेली ती जाड सुती चादर मराठी घरांत लग्नाच्या रुखवतात गेली, एसटीच्या प्रवासात गेली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या उत्पादकांची वर्षानुवर्षांची तक्रार अशी की पानिपतहून येणारी स्वस्त चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते. पानिपतची चादर स्वस्त पडते कारण तिच्यात बहुतेकदा चिंध्यांपासून काढलेला धागा असतो. त्या चिंध्यांत तिरुपूरच्या आणि बांगलादेशातल्या कपडे कारखान्यांची कातरणही येते. सोलापूरमध्ये चादरीचे माग कमी झाले, बरेच जण टॉवेलकडे वळले. केकियाओने पानिपतशी जे केलं तेच पानिपतने सोलापूरशी केलं, असं म्हणायला मी कचरणार नाही; मात्र पानिपतचा विणकर त्यात दोषी नाही. दोष आहे तो चादरीवर दुसऱ्या गावाचं नाव छापणाऱ्या व्यापाऱ्याचा आणि ते तपासण्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेचा. चिंधीच्या धाग्याची चादर चिंधीच्या धाग्याची म्हणून, पानिपतच्या नावाने विकली गेली तर ती अभिमानाची वस्तू आहे. टाकून दिलेल्यातून ऊब निर्माण करणारं दुसरं एवढं मोठं शहर जगात क्वचितच असेल.

दोन्ही शहरांना हवं आहे ते सारखंच: धागा रास्त भावात, बॉयलर आणि माग बदलायला परवडणाऱ्या व्याजाचं कर्ज, चादरीच्या टोकाला धागा कशाचा आणि वीण कुठली हे लिहिलेली चिठ्ठी, आणि मागावरच्या माणसाला दुसरा कुणी कितीला मिळतो ते न बघता पूर्ण पगार. पहिल्या तीन गोष्टी झाल्या तर चौथी मालकाला परवडते. त्या होत नाहीत म्हणून चौथीवर घाव पडतो.

वीस माणसांचा तो कारखानदार बहुतेकदा तिसरा मार्ग निवडतो. कापड बाहेरून, शिलाई इथे. शिलाईयंत्रावरची माणसं राहतात, पॅकिंगच्या बायका राहतात, मागावरच्यांना छठनंतर परत येऊ नका असा निरोप ठेकेदाराकडून जातो. यंत्रं काही दिवस ताडपत्रीखाली राहतात आणि मग भंगाराच्या भावाने जातात. पुढच्या वर्षी कापडाचा भाव वाढला, शुल्क बदललं, जहाज अडलं आणि पुन्हा इथे विणावंसं वाटलं, तर शेडमध्ये माग नसतो आणि विणणारा तोवर लुधियानाला किंवा सुरतेला दुसऱ्या मागावर बसलेला असतो.